बेलोरा ते शिवणी

अमरावतीची धावपट्टी बेलोऱ्यास आणि अकोल्याची शिवणीस. नकाशावर पट्टी ठेवून मोजल्यास ह्या दोहोंमध्यें सुमारें ७० किलोमीटरचें अंतर भरतें. ताशीं ५०० किलोमीटर वेगाच्या विमानास तें साडेआठ मिनिटांत ओलांडतां यावें, असें शाळेंतलें त्रैराशिक सांगतें. पण विमानाचा प्रवास त्रैराशिकानें चालत नाहीं. धावपट्टीपर्यंत जाणें, उंची गांठणें, ती उंची सोडणें, उतरण्याच्या परवानगीची वाट पाहणें, ह्यांत वेळ खर्च होतो. आणि प्रवास जितका आंखूड, तितका हा खर्च अधिक बोंचतो. मुंबई-अमरावती हें सुमारें ५४० किलोमीटरचें अंतर तासाभरांत संपावें. पण २०२५ सालीं तेथें विमान सुरू झालें तेव्हां वेळापत्रकांत पावणेदोन तास धरावे लागले.

अंतर आणि वेळ ह्यांचा हा बेबनाव वऱ्हाडाला नवा नाहीं. आगगाडीपूर्वीं अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगेकांठच्या मिर्झापुरास जात असे. वाट सुमारें ५०० मैलांची. लादलेला बैल दिवसाला दहा मैल चालला असें धरलें तरी पन्नास दिवस झाले; आणि वाटेंत पावसानें गांठलें म्हणजे व्यापाऱ्याच्या डोळ्यांदेखत माल भिजे. १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास पोंचला. अकोला त्या मार्गावर आलें; कापसाची एवढी मोठी पेठ असलेली अमरावती मात्र बाजूला राहिली आणि गाडी बडनेऱ्यावरून निघून गेली. अमरावतीच्या वांट्यास पुढें फांटा आला.

शिवणीची धावपट्टी १९४३ सालची, म्हणजे महायुद्धाच्या धामधुमींतली. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रींची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येत, थैल्यांची व उतारूंची अदलाबदल होई आणि पहांटेच्या सुमारास तीं आपापल्या ठिकाणीं परतत. ही व्यवस्था १९७३ पर्यंत चालली. मुंबई-नागपूर ही सरळ रेषा वऱ्हाडावरूनच जाते. नांदगाव पेठेंत अंगणांत बाज टाकून निजलेल्या माणसाला ती घरघर ऐकूं आली असेल. विमान मात्र त्याच्यासाठीं नव्हतें.

बेलोऱ्याची धावपट्टी शिवणीच्या मागाहूनची. ती वाढवून १८५० मीटर करण्यांत आली आणि १६ एप्रिल २०२५ रोजीं तेथून मुंबईचें विमान सुरू झालें. शिवणीची मात्र सुमारें १४०० मीटरच राहिली. वाढीव जमीन कृषि विद्यापीठाची, म्हणून तो प्रश्न वर्षानुवर्षें रेंगाळला. आगगाडीच्या वेळीं अकोल्यानें मारलेली बाजी अशी दीडशें वर्षांनीं फिरली!

जमिनीवरचा रस्ता दरम्यान स्वस्थ बसला नव्हता. जून २०२२ मध्यें अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकून जागतिक विक्रम करण्यांत आला. नांदगाव पेठेसही, जेथून नागपूरचा हमरस्ता जातो, २० सप्टेंबर २०२४ रोजीं मोठ्या वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. कापसाला आतां मिर्झापूर नको. पण तेथल्या व्यापाऱ्याला विमान गांठावयाचें तर सारें अमरावती शहर ओलांडून पलीकडे बेलोऱ्यास जावें लागतें. अंबा एक्सप्रेसनें रात्रीं निजून सकाळीं मुंबईस उतरणारा त्याचा शेजारी ह्यावर हंसला तर नवल नाहीं.

अकोल्याच्या प्रवाशाची गंमत तर ह्याहून निराळी. बेलोऱ्याहून मुंबई गांठण्यासाठीं त्यानें २०२५ सालीं आधीं नव्वदेक किलोमीटर उलट पूर्वेकडे यावयाचें, आणि मग विमानांत बसून आपल्याच मुलुखावरून पश्चिमेकडे जावयाचें.