भिंगे घासणाऱ्याचा ग्रंथ

१६७७ साली हॉलंडात एक लॅटिन ग्रंथ छापून निघाला. त्याचे नाव 'एथिक्स', म्हणजे नीतिशास्त्र. कर्ता बारुक स्पिनोझा त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वारला होता. इकडे शिवरायांच्या राज्याभिषेकाला तीन वर्षे झाली होती. त्या काळी वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. तिच्यातून माल येई, पण विचार येत नसे. तो विचार आपल्या मुलांपर्यंत कसा न्यावा, एवढाच आजचा आमचा विषय आहे.

स्पिनोझाचा जन्म १६३२ सालचा, ॲम्स्टरडॅमच्या ज्यू वस्तीतला. १६५६ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याला समाजाने बहिष्कृत केले. वाळीत पडणे म्हणजे काय, हे आपल्या खेड्यांना सांगायला नको! पुढे तो भिंगे घासण्याचे काम करी. १६७३ साली हायडेलबर्गच्या विद्यापीठाने प्राध्यापकपद देऊ केले. परंतु प्रस्थापित धर्माला धक्का लावू नये, अशी त्यात अपेक्षा होती. ते पद त्याने नाकारले.

ग्रंथ कठीण आहे, हे आरंभीच कबूल करावे. त्याची मांडणी भूमितीची. पाच भाग, मिळून २५९ सिद्धांत, आणि प्रत्येक सिद्धता मागल्या सिद्धांतांच्या आधारावर उभी. ही रीत आपल्याला अगदीच परकी नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकून तर्कतीर्थ झालेल्या लक्ष्मणशास्त्री जोशींनी पुढे त्याच वाईत मराठी विश्वकोश उभा केला. नैयायिकांचीही प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशी पायरीपायरीची शिस्त आहेच. भेद इतकाच की, नैयायिक उदाहरण देतो; स्पिनोझा ते सिद्धतेत सहसा देत नाही. म्हणून ते शिकवणाऱ्याने द्यावे लागते.

आमचे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंतचे. शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी भाषांतर वाचले. मग कामगारांच्या मुलांचा रात्रीचा वर्ग घेतला आणि मोठीच चूक केली: पहिल्या पानापासून सुरुवात केली. द्रव्य, गुण, प्रकार! चौथ्या रात्री चौघे उरले. दोष मुलांचा नव्हता, आमचा होता.

तेव्हा आम्ही थेट तिसऱ्या भागाला हात घातला. तिथे माणसाच्या भावनांची छाननी आहे. ज्या गोष्टीचा निकाल अनिश्चित, तिच्या कल्पनेने होणारा आनंद म्हणजे आशा, आणि होणारे दुःख म्हणजे भीती. म्हणून एकीवाचून दुसरी नाही. हे वाचताच आम्ही एका जुन्या संपाची गोष्ट सांगितली. तिसऱ्या दिवशी अफवा उठली की बाहेरगावची माणसे भरती होणार, आणि संध्याकाळपर्यंत अर्धे लोक कामावर गेले. अफवा खोटी होती. भीती मात्र खरी होती. वर्गात शांतता पसरली. एकाने विचारले, "मग भीती घालवायची कशी?" उत्तर ग्रंथातच आहे: कारण कळले की भावनेचा जोर ओसरतो. पण 'कारण' म्हणजे काय, हे कळायला पहिल्या भागाकडे परतावे लागते. मुले आपण होऊन परतली.

पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. सारे काही कारणांनी बांधलेले असेल, इच्छास्वातंत्र्य भासच असेल, तर मालकाला दोष कसा द्यायचा? आम्ही दोन रात्री निरुत्तर होतो. आज इतके म्हणतो: दोष देण्याने मजुरी वाढत नाही. मालक असा का वागतो, हे नीट समजले तर आपली शक्ती द्वेषात खर्च होत नाही. आणि समजून घेणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे. माणसाला माणसाइतके उपयोगी दुसरे काही नाही, हा चौथ्या भागातला विचार संघटनेला पुरेसा आधार देतो. या उत्तराने सगळ्यांचे समाधान झाले नाही. आमचेही पुरते झालेले नाही.

ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाने आपल्या कितीतरी घरांत उजेड पाडला. काच काळवंडली की ती रोज पुसावी लागे. कठीण ग्रंथाचेही तसेच आहे. एकदा वाचून भागत नाही. ज्यांनी बाराखडी गिरवली त्यांना तो वाचण्याचा हक्क आहे. वर्गाचे दार उघडे ठेवणे, हे आपले काम.