तीन कोच आणि एक टप

रिसोडात नवा ट्रक घेणारा माणूस ‘ट्रक घेतला’ एवढ्यावर थांबत नाही. ‘चेसी आणली, बॉडी बांधायला टाकली,’ असं सांगतो. घर बांधतात, विहीर बांधतात, फेटा बांधतात, तशीच बॉडी.

हे क्रियापद मला कोल्हापूरच्या मेबॅकमुळे आठवलं. छत्रपती घराण्याची ही 1936ची उघडी मोटार दसऱ्याच्या शाही सोहळ्यात निघते, आणि बातम्यांत तिला ‘व्हिंटेज कार’ म्हणतात. त्यात तिचं वय कळतं, घडण कळत नाही. मेबॅकचा कारखाना इंजिन आणि चेसी करायचा. वरची बॉडी दुसरेच कारागीर बांधत, बरेचदा राव्हेन्सबुर्गचे श्पोन. त्या काळी हे काम म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर हातानं ठोकून बसवलेला पत्रा. इंग्रजीत अशा गाडीला ‘कोचबिल्ट’ म्हणतात. आपल्या बंडीचं तरी वेगळं काय? साटा सुताराचा, चाकावरची धाव लोहाराची.

‘कोचबिल्ट’मधला ‘कोच’ हंगेरीतला. त्याच नावाच्या गावात पंधराव्या शतकात हलक्या, वेगवान घोडागाड्या बनत. गावाचं नाव गाडीला चिकटलं, जर्मनीत ‘कुट्शे’ झालं, इंग्रजीत ‘कोच’, आणि आपल्याकडे कोचवान होऊन बग्गीवर बसलं. रेल्वेचा कोच तोच. कबड्डीचा कोचही त्याच गावचा! ऑक्सफर्डची पोरं 1830च्या सुमारास शिकवणी घेणाऱ्याला गमतीनं ‘कोच’ म्हणू लागली, कारण तो त्यांना परीक्षेपार वाहून नेई. बैठकीतला गादीचा कोच मात्र परका. तो फ्रेंचांच्या ‘आडवं होणं’ या क्रियापदातून आला. देवनागरीत तिघं सारखेच दिसतात, म्हणून सख्खे भाऊ वाटतात.

मेबॅकसारख्या छत पाडता येणाऱ्या गाडीला, म्हणजे ‘कन्व्हर्टिबल’ला, मराठी शब्द नाही म्हणतात, ते काही मला पटत नाही. बग्गीवरचं पाडता-चढवता येणारं छत म्हणजे टप. पुढे एसटीच्या न हलणाऱ्या छतालाही आपण टप म्हणू लागलो आणि जुना अर्थ मागे पडला. फ्रेंचांनी तर अशा गाडीचं ‘काब्रिओले’ हे नाव बकरीच्या उडीवरून घेतलं. हलकी दुचाकी बग्गी तशीच उसळायची. खड्ड्यांच्या रस्त्यानं बंडीत बसून गेलेल्याला हे समजावून सांगायला नको.

तर कोल्हापूरच्या मेबॅकला मी ‘पडत्या टपाची बांधीव मोटार’ म्हणेन. लांब आहे, पण प्रत्येक शब्द आपल्या वापरातला आहे.

एक शब्द मात्र मला हवा आहे. वऱ्हाडात पाहुण्यांना, लेकी-सुनांना आणायला दमणी ही बैलगाडी जुंपत. तिच्या वरच्या आच्छादनाला तुमच्या घरी काय म्हणत? रिसोड, मालेगाव, वाशीमकडच्या जुन्या सुतारांना विचारा आणि जरूर कळवा.