मिक्सरमागे अडकलात की जयकर आठवा

हिंजवडीत काँक्रीटच्या मिक्सरमागे अडकला असाल, तर हा प्रश्न पडला असेलच: रस्त्याची चाळण कोण करतं? आपल्या हजारो गाड्या, की हे एक धूड? माझ्या पीएचडीतला बराच वेळ याच प्रश्नात जातो. उत्तर सांगितलं की लोकांना पटत नाही, म्हणून हिशेबच मांडतो.

१९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ, खास चाचणीसाठी रस्ते बांधले गेले. लष्कराचे जवान त्यांवर दोन वर्षं ट्रक फिरवत होते, रस्ता खचेपर्यंत. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा: नुकसान ॲक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट, तर नुकसान सोळापट. कारच्या ॲक्सलवर अर्धा टन आणि ट्रकच्या ॲक्सलवर दहा टन धरा. वजन वीसपट झालं, नुकसान एक लाख साठ हजार पट! (आकडा तंतोतंत नको धरू, रस्ता आणि माती बदलली की घातही थोडा बदलतो. पण कारने रस्ता झिजत नाही म्हटलं तरी चालेल.) म्हणूनच कायदा नुसतं एकूण वजन बघत नाही, ॲक्सलमागे किती टन हेही बघतो. तोच माल जास्त ॲक्सलवर वाटला की रस्ता वाचतो.

आता जयकर. पुणे विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय ज्यांच्या नावाने आहे तेच, विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर. विद्यापीठ पुढे १९४८-४९चं. त्याआधी १९२७मध्ये ते देशाच्या रस्ते समितीचे अध्यक्ष होते. बैलगाडीची लोखंडी धाव खडीचे रस्ते आधीच कुरतडत होती, त्यात मोटारी आल्या. दुरुस्तीचा खर्च प्रांतांना आणि लोकल बोर्डांना झेपेना. समितीने सुचवलं की मोटारवाल्यांकडूनच, पेट्रोलवर जादा कर लावून, पैसा उभा करा. १९२९पासून गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि त्यातून रस्ते निधी उभा राहिला.

कल्पना रास्त होती, पण एक भोक राहिलं. समजा मिक्सर कारच्या पाचपट इंधन जाळतो. म्हणजे कर साधारण पाचपट, आणि नुकसान हजारो पट. ओटावाची चाचणी तेव्हा तीस वर्षं दूर होती, त्यामुळे जयकरांना दोष देण्यात अर्थ नाही. कराने जे वसूल होत नाही ते निदान होऊ नये, एवढंच वजनमर्यादा बघते.

आणि ही मर्यादा निसर्गाने ठरवलेली नाही, बरं का. जुलै २०१८मध्ये केंद्र सरकारने चार टायरच्या एका ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वाहतूक स्वस्त पडावी, ओव्हरलोडिंग कमी व्हावं, ही कारणं खोटी नव्हती. वजन वाढलं जेमतेम १३ टक्के. चौथा घात लावा: नुकसान सुमारे ६० टक्के जास्त. जुन्या मर्यादेवर पंधरा वर्षं टिकला असता असा रस्ता, सगळे ट्रक नव्या मर्यादेपर्यंत भरून धावू लागले तर, नऊएक वर्षांत संपतो. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाचं पाणी मुरलं, तर त्याच्याही आधी.

वाचलेलं भाडं माल पाठवणाऱ्याच्या खिशात जातं. उरलेल्या सहा वर्षांचं डांबर मात्र दुचाकीवाल्यासकट सगळ्यांच्या कराच्या पैशांतून येतं.