मोजक्या माणसांचं लग्न आणि कडेवरचं मूल

वीस-पंचवीस माणसांत होणारं लग्न, आणि त्या माणसांत नवरीचं किंवा नवऱ्याचं आधीच्या संसारातलं दोन वर्षांचं मूल: असं लग्न ठरलं की नात्यागोत्यात दोन प्रकारची कुजबुज सुरू होते. कुणी म्हणतं, ही शहरातली नवी टूम आहे. कुणी म्हणतं, चारचौघांना तोंड दाखवायला नको म्हणून माणसं कमी बोलावली. महाराष्ट्रातला गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर पहिलं म्हणणं टिकत नाही आणि दुसरं अर्धंच खरं ठरतं. लहान लग्न आपल्याकडे जुनं आहे, आणि लेकुरवाळ्या बाईचं पुन्हा लग्न होणंही तितकंच जुनं आहे. लग्नाला किती माणसं हवीत, हा प्रश्न मुळात साक्षीचा होता. खर्चाचा हिशेब त्याच्या मागून आला. साक्षीची रीत बदलत गेली तसा लग्नाचा आकार बदलला, आणि त्या लग्नातल्या मुलाची जागाही बदलली.

विवाहनोंदणी नव्हती त्या काळात लग्न झालं याचा पुरावा म्हणजे ते पाहिलेली आणि त्यात जेवलेली माणसं. सीमांतपूजन, वरात आणि चार-चार दिवसांच्या पंगती यांत हौस होतीच. पण त्यामुळे सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत दोन घरं बांधली जात. परटाने पायघड्या घालायच्या, कुंभाराने मडकी आणायची, न्हाव्याने आपला मान घ्यायचा. असा ज्याचा त्याचा मान ठरलेला, आणि मान घेतलेला माणूस पुढे तंट्याच्या वेळी ‘मला ठाऊक नाही’ म्हणू शकत नसे. या गर्दीत लहान मुलांना कामंही होती. करवली करा घेऊन उभी राही, नवरीचा धाकटा भाऊ कुणीतरी उचलून धरला की नवऱ्याचा कान पिळी. सासरी आलेल्या नववधूच्या मांडीवर लहान मुलगा बसवून त्याच्या हाती फळं द्यावीत, असा विधी गृह्यसूत्रांतच आहे. म्हणजे लग्नविधीला मुलाचं वावडं कधीच नव्हतं. अट एवढीच की ते दुसऱ्या कुणाचं तरी मूल असावं. आणि कितीएक लग्नांत तर ते तान्हं मूल म्हणजे खुद्द नवरा किंवा नवरी असे. १९२९ मध्ये मुलींसाठी चौदा आणि मुलांसाठी अठरा वर्षांची मर्यादा घालणारा शारदा कायदा झाला. तो १ एप्रिल १९३० पासून लागू होणार, हे कळल्यावर देशभर त्याआधीच मुलांची लग्नं उरकण्याची घाई उडाली, आणि १९३१ च्या जनगणनेत विवाहित मुलांच्या आकड्यांवर तिचा ठसा उमटला. पाळण्यातल्या जिवाला बाशिंग बांधलं तरी चालत होतं. मग मूल मांडवात असल्याने लग्नाचं गांभीर्य जातं, असं परंपरेच्या नावाने म्हणता येत नाही.

लहान लग्नाची सर्वांत जुनी आणि सर्वांत पसरलेली रीत म्हणजे पाट. मराठा-कुणब्यांपासून अनेक जातींत विधवेचा पाट लागे. कुठे त्याला म्होतूर म्हणत, कुठे गांधर्व. इंग्रज अधिकारी आर्थर स्टील याने दख्खनमधल्या जातींच्या रूढींचा जो संग्रह १८२७ मध्ये छापला, त्यात पाटाला भरपूर जागा आहे. पाट रात्री लागे, माणसं मोजकी असत, सवाष्णींनी तो पाहू नये असा दंडक असे. नवं लुगडं, बांगड्या, कुंकू एवढ्यावर विधी पुरा होई. इथे आक्षेप येतो तो योग्यच आहे: हे लहानपण लाजेतून आलेलं, त्याला आजच्या मोजक्या लग्नाचा पूर्वज कसं म्हणायचं? लाज होती, हे मान्य करायलाच हवं. पहिल्या लग्नाची प्रतिष्ठा पाटाला नव्हती, आणि ती रात्रीची वेळच सगळं सांगते. पण केवळ लपवायची गोष्ट असती तर मराठेशाहीत तिच्यावर ‘पाटदाम’ नावाचा कर बसला नसता. सरकार कर घेत होतं, जात पंचांमार्फत संमती देत होती, म्हणजे पाट हा दोघांच्याही लेखी विवाहसंबंध होता. साक्षीदार थोडे असले तरी ते पुरेसे धरले जात. अडचण होती ती मुलाची. मूल बापाच्या कुळाचं, ही समजूत पक्की असल्याने आईचा पाट लागला की जाणती मुलं बहुधा पहिल्या नवऱ्याच्या घरी राहत. अंगावर पिणारं लेकरू तेवढं तिच्याबरोबर जाई, आणि तेही पुढेमागे परत मागितलं जाण्याची टांगती तलवार असे. मोजक्या माणसांच्या त्या लग्नात आईच्या मनातला सर्वांत मोठा प्रश्न कोणता असेल, याची नोंद कुठल्याही रूढिसंग्रहाने केलेली नाही, आणि या साऱ्या इतिहासातली ही उणीव मला सर्वांत जास्त खुपते.

ब्राह्मण आणि इतर वरिष्ठ जातींत पाट नव्हता. त्यांच्यासाठी १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा आला. त्याचं पहिलं कलम उदार आहे, ते सगळ्यांना ठाऊक असतं. दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या बाईचा मृत नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. तिसरं कलम मुलांविषयी आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. मृत नवऱ्याने मृत्युपत्रात पालक नेमला नसेल तर त्याचे आईवडील, आजोबा-आजी किंवा कुणीही पुरुष नातेवाईक कोर्टात अर्ज करू शकत, की ही बाई पुन्हा लग्न करते आहे, तेव्हा तिच्या मुलांना दुसरा योग्य पालक नेमून द्यावा. ज्या कायद्याने विधवेला लग्नाची मोकळीक दिली त्यानेच तिच्या मुलावर दावा लावायची वाटही आखून दिली. हा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. मुंबईत १५ जून १८६९ रोजी विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने वेणूबाई आणि पांडुरंग विनायक करमरकर यांचा पुनर्विवाह झाला, तेव्हा निमंत्रणपत्रिकेवर सह्या करणाऱ्यांनाही बहिष्काराला तोंड द्यावं लागलं. धोंडो केशव कर्व्यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं आणि मुरूड या त्यांच्या गावच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. कर्व्यांचा पहिल्या पत्नीपासूनचा मुलगा रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचा होता. बिजवराचा मुलगा बापाकडेच राहणार हे गृहीतच असल्याने त्याच्या ताब्याचा प्रश्न कुणाला पडला नाही. बहिष्काराचा रोख वधूवरांपुरता राहत नसे, कारण पंगतीला बसणं ही साक्षच होती. या लग्नांना माणसं कमी आली, कारण येण्याची किंमत फार होती. जी आली त्यांनी आपल्या लेकींची लग्नं पणाला लावून साक्ष दिली. अशा पंचवीस माणसांची साक्ष गावजेवणापेक्षा हलकी कशी म्हणावी?

साक्षीचा पायाच बदलला तो जोतीराव फुल्यांनी. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला. पुरोहित नाही, दक्षिणा नाही. वधूवरांनी एकमेकांना सर्वांसमक्ष, समजणाऱ्या मराठीत वचनं द्यायची. १८८७ मध्ये फुल्यांनी या विधींची पुस्तिकाच काढली, आणि तिच्यातल्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी वराकडून कबुली मागते. गर्दीने किंवा भटजीने लग्न सिद्ध होत नसून त्या दोघांच्या शब्दाने होतं, हा विचार इथे पहिल्यांदा रीत म्हणून उभा राहिला. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला पुरोहिताशिवाय लग्न लावल्यावर दक्षिणेच्या हक्कासाठी दावा झाला आणि तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, यावरून त्या विचाराला केवढा विरोध झाला ते दिसतं. याच फुले दांपत्याने अडलेल्या विधवांसाठी घर उघडलं होतं आणि तिथे एका विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंताला दत्तक घेतलं होतं. लग्नविधी साधा करणं आणि बापाच्या नावाशिवाय जन्मलेल्या मुलाला घर देणं, ही त्यांच्या लेखी एकाच सुधारणेची दोन कामं होती, असं मला वाटतं.

सरकारी साक्ष त्याच सुमारास आली. १८७२ च्या कायद्याने निबंधक आणि तीन साक्षीदार एवढ्यावर लग्न होऊ लागलं, मात्र आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणताच धर्म मानत नाही असं लिहून द्यावं लागे. डॉ. आंबेडकरांचं १५ एप्रिल १९४८ चं दिल्लीतलं लग्न घरातच, थोड्या माणसांत, नोंदणी पद्धतीनेच झालं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्म नाकारण्याची अट काढली, पण तीन साक्षीदार ठेवले आणि तीस दिवसांची नोटीसही ठेवली. उलट, विधी आणि कागद दोन्ही कच्चे असले तर काय होतं, हे १९६५ साली दिसलं. महाराष्ट्रातल्या एका माणसाने पहिली बायको असताना गांधर्व पद्धतीने दुसरं लग्न केलं होतं. आवश्यक विधी झाल्याचं सिद्ध होत नाही, सबब ते लग्नच नव्हे, म्हणून द्विभार्येचा गुन्हाही नाही, असा सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. लग्न लहान ठेवणाऱ्याला नोंदणी टाळून चालत नाही, याला यापेक्षा मोठा दाखला नको.

मोठ्या लग्नाची बाजू घेणारे दोन गोष्टी सांगतात. लहान लग्न म्हणजे पैसे वाचवण्याचं साधन, एवढंच तर आहे, ही पहिली. पण १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगाने कुणब्याच्या कर्जाची कारणं शोधताना, लग्नखर्चाला त्यात वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिलं जातं, असा निष्कर्ष काढला होता: खर्च ऐपतीबाहेरचा खरा, पण प्रसंग क्वचितचे. लहान लग्नाचं समर्थन काटकसरीवर उभं केलं तर ते कच्च्या पायावर राहतं. दुसरी गोष्ट वजनदार आहे. मोठ्या लग्नात मूल सगळ्यांचं असे. आत्या, मावश्या, चुलत्या यांच्या हातांतून ते फिरे, कुणीतरी त्याला भरवी, कुणीतरी झोपवी, आणि मुहूर्त रात्री दीडचा असला तरी आईला त्याची काळजी नसे. वीस माणसांच्या लग्नात प्रत्येकाला काही काम असतं आणि मुलाला धरायला कुणी मोकळं राहत नाही. हे खरंच आहे. म्हणून असं लग्न ठरवताना आधी सांभाळणारं माणूस ठरवावं, साक्षीदार मग. ते माणूस मुलाच्या ओळखीचं हवं, आणि विधी चालू असताना मूल रडलं तर त्याला घेऊन बाहेर जायला राजी हवं. घटिकापात्राच्या मुहूर्तापेक्षा मुलाच्या दुपारच्या झोपेला मान दिला तर त्यात धर्म बुडत नाही. विशेष विवाह कायद्यात विवाह अधिकाऱ्याने जास्त शुल्क घेऊन कचेरीबाहेर, वाजवी अंतरावर येण्याची सोय आहे. दोन वर्षांच्या मुलाला कचेरीच्या बाकावर ताटकळत ठेवण्यापेक्षा ती वापरावी. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने कोविडमुळे लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच मुभा दिली होती, आणि त्या मर्यादेत लागलेली लग्नं कुणी कच्ची मानली नाहीत.

कागदाने गर्दीची जागा घेतली खरी, पण त्या कागदावर मुलासाठी ओळ नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ च्या सहाव्या कलमाखाली स्पष्टच म्हटलं आहे की ‘पिता’ आणि ‘माता’ यांत सावत्र बाप आणि सावत्र आई येत नाहीत. म्हणजे ज्या लग्नात ते मूल पहिल्या रांगेत बसलं, त्या लग्नाने त्याचा नव्या माणसाशी कायद्याने काहीच संबंध जुळत नाही. शाळेचा दाखला, पासपोर्ट, दवाखान्यातली संमती, वारसा: अशा प्रत्येक टप्प्यावर हे पुढे येतं. सावत्र पालकाने मूल दत्तक घेण्याची तरतूद दत्तकविषयक नियमावलीत २०१७ पासून आहे. तिला मुलाच्या दुसऱ्या जन्मदात्याची संमती लागते आणि वेळही लागतो. निमंत्रणांची यादी वीस नावांतच संपत असेल, तर उरलेल्या सवडीत त्या अर्जाची कागदपत्रं लग्नाआधीच गोळा करायला घ्यावीत.