शब्दांच्या कुंपणाबाहेरचा गोलंदाज

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतला एक मुलगा पनवेलमधल्या एका क्रिकेट निवड चाचणीला गेला. रबरी आणि टेनिसच्या चेंडूवर वाढलेला पोरगा. डावरा हात, चेंडू असा वळवतो की समोरचा बघत राहतो. चाचणीत त्याला सांगितलं गेलं, "कव्हरला जा." तो यष्टीमागे जाऊन उभा राहिला. सगळे हसले. मग विचारलं, "लेंथ काय ठेवतोस?" पोरगा गप्प. त्याला जेमतेम चार चेंडू टाकायला मिळाले. घरी आल्यावर म्हणाला, "दादा, मला क्रिकेट येत नाही."

मित्रांनो, त्याला क्रिकेट येत होतं. क्रिकेटची बोली येत नव्हती, एवढंच. आणि ही बोली शिकायला किती वेळ लागतो? उजव्या हाताचा फलंदाज आडवा उभा राहतो तेव्हा त्याच्या छातीसमोरची बाजू ती ऑफ, पाठीकडची ती लेग किंवा ऑन. ऑफला फलंदाजाच्या सरळ रेषेत उभा राहतो तो पॉइंट, त्याच्या थोडा पुढे कव्हर, गोलंदाजाच्या जवळ मिड-ऑफ. लेंथ म्हणजे चेंडू फलंदाजापासून किती अंतरावर टप्पा खातो ते. पायाशी पडला तर यॉर्कर, आखूड पडला तर शॉर्ट. झालं. पाच मिनिटांचं शिक्षण! पण ही पाच मिनिटं ज्याच्या घरात, शाळेत, क्लबात कुणी दिली नाहीत, त्याच्यासाठी ती भिंत होते. आणि भिंतीच्या आतले लोक तिलाच 'गुणवत्ता' म्हणतात.

ही भिंत आजची नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात असाच एक डावरा पोरगा तिच्यापुढे उभा होता. त्याचं नाव बाळू पालवणकर. खेळातले शब्द नव्याने शिकणाऱ्या आपल्या प्रत्येक मुला-मुलीने सुरुवात त्याच्यापासून करावी. क्रिकेटच्या तीन साध्या शब्दांत त्याचं आयुष्य सांगता येतं.

पहिला शब्द : नेट

नेट म्हणजे जाळी लावून केलेला सराव. 1876 मध्ये धारवाडला चांभार कुटुंबात जन्मलेल्या बाळूंचे वडील लष्करात नोकरीला होते. पुण्यात गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या क्लबात, खेळपट्टी झाडण्या-लोळवण्याची, महिना 3 रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात 4 रुपये. तिथे खेळपट्टीची निगा राखता राखता नेटमध्ये साहेबांना चेंडू टाकण्याचं काम मिळालं. जे. जी. ग्रेग हा तिथला नावाजलेला फलंदाज. आपल्याला बाद केल्यास तो दरवेळी आठ आणे देई, असं सांगतात.

शेकडो तास गोलंदाजी केली, पण त्या नेटमध्ये एकदाही बॅट हातात मिळाली नाही, असं बाळू पुढे सांगत. हे नीट समजून घ्या. गोलंदाजी हे घाम गाळण्याचं काम, ते नोकराने करायचं. फलंदाजी हा साहेबाचा मान. विलायतेतही हीच रीत होती. तिथे हौशी श्रीमंत खेळाडू 'जंटलमेन' आणि पैसे घेऊन खेळणारे नुसते 'प्लेयर्स'. दोघांची कपडे बदलण्याची खोली वेगळी, धावफलकाच्या कागदावर नाव लिहिण्याची पद्धतही वेगळी. हा भेद 1962 पर्यंत टिकला. इंग्रजांनी वर्गभेद आणला, इथे त्याला तयार जातिभेद मिळाला. काम ज्याचं हलकं त्याची जात हलकी, हे गणित आपल्याला कुणी वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरा शब्द : पॅव्हेलियन

पॅव्हेलियन म्हणजे मैदानाकडेची ती इमारत, जिथे खेळाडू बसतात, चहा पितात, जेवतात. बाळूंची फिरकी पाहून पुण्याच्या हिंदूंना ते संघात हवेसे झाले, कारण गोऱ्यांना हरवायचं होतं. वाद झाला आणि शेवटी बाळूंना घेतलं. पण कसं? मैदानावर त्यांनी हात लावलेला चेंडू सगळ्यांना चालत होता. चहाच्या वेळी मात्र इतरांना पॅव्हेलियनमध्ये चिनीमातीच्या कपात चहा, आणि बाळूंना बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवणाचं ताट वेगळं, जागा वेगळी. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे! कोणत्या शास्त्रात बसतं हे?

पनवेलहून गोव्याकडे जाणारा रस्ता महाडवरून जातो. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच्या तीसेक वर्षं आधीचा पुण्यातला तो मातीचा पेला आणि महाडचं ते तळं यांचा प्रश्न एकच होता. तुमच्या कामाला आम्ही हवेत, तर तुमच्या पाण्याला का नकोत?

तिसरा शब्द : कर्णधार

प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियन संघाला 109 धावांनी हरवलं. बाळूंनी त्या सामन्यात आठ बळी घेतले, शिवरामही संघात होते. 1911 मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, पटियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली. संघाची धूळधाण उडाली, पण बाळूंनी त्या दौऱ्यात एकंदर 114 बळी मिळवले. प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत 179 बळी, प्रत्येक बळीमागे साधारण 15 धावा. ही सरासरी आजच्या कुठल्याही फिरकी गोलंदाजापुढे ठेवा.

एवढं करून एक शब्द त्यांच्या नावापुढे कधीच अधिकृतपणे लागला नाही : कर्णधार. 1920 मध्ये ज्येष्ठ बाळूंना डावललं गेलं आणि विठ्ठल या त्यांच्या भावाचा हक्कही बाजूला ठेवून नेतृत्व देवधरांकडे दिलं गेलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि जाहीर निवेदन काढून कारण सांगितलं. खेळाच्या मैदानावरचा हा जातीविरुद्धचा उघड असहकार होता. दबाव असा झाला की पुढच्या सामन्यात बाळूंना परत घ्यावं लागलं. कर्णधार पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळापुरतं नेतृत्व बाळूंनी केलं. 1923 मध्ये अखेर विठ्ठल कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदू संघ जिंकला. चौथी पायरी चढायला घरातली चार माणसं आणि जवळजवळ तीस वर्षं लागली.

एक अवघड गोष्ट

इथे काही जण बाळूंची कथा थांबवतात. आपण थांबू नये. तरुण बाबासाहेबांना बाळूंचं कौतुक होतं. पण 1932 मध्ये बाळू काँग्रेसच्या बाजूने उभे राहिले, पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. बाबासाहेबांना 13,245 मतं पडली, बाळूंना 11,225.

ज्यांनी त्यांना कर्णधार होऊ दिलं नाही, त्याच प्रस्थापित समाजाच्या पक्षाला निवडणुकीत मात्र त्यांचं नाव उपयोगी पडलं. पुन्हा नेटमधल्यासारखं : चेंडू तू टाक, बॅट आमच्या हातात. बाळूंची राजकीय भूमिका चुकली, असं मी स्पष्ट म्हणतो. पण त्यासाठी त्यांचा खेळ आणि त्यांनी सोसलेला अपमान इतिहासातून पुसून टाकणं ही आपली चूक ठरेल. आपल्या माणसाशी मतभेद असू शकतो, त्याला विसरणं हा मतभेद नव्हे.

शब्द कुणाचे?

आता पुन्हा पनवेलला येऊ. रायगड जिल्हा कबड्डीचा. आपल्या गावागावांत मुलं चढाई, पकड, लोण हे शब्द बोलायला शिकतानाच शिकतात. 2014 पासून प्रो कबड्डी टीव्हीवर आली आणि चढाईची 'रेड' झाली, लोणचं 'ऑल आऊट' झालं. समोर तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना केलेली पकड म्हणजे 'सुपर टॅकल', तिचा एक गुण जास्त. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय'. खेळ आपला, अंगण आपलं, तरी टीव्हीसमोर आपलीच आजी नवशिकी! म्हणून इंग्रजी शब्द आला की खेळ मोठा झाला, असं समजू नका.

उलटंही घडलेलं आहे. मराठी समालोचनाने क्रिकेट आपल्या घरात आणलं तेव्हा पायचीत, धावचीत, यष्टिचीत, त्रिफळाचीत असे शब्द रुळले. त्यातला 'चीत' कुठला? कुस्तीच्या आखाड्यातला, पाठ मातीला लावणारा. लोकांनी लॉर्ड्सचा खेळ तालमीच्या भाषेत सांगितला आणि तो सगळ्यांना कळला. शब्द वरून पडत नाहीत, माणसं ते घडवतात आणि चुकले तर बदलतात. डाव्या हाताच्या मनगटी फिरकीला 'चायनामन' म्हणण्यात वंशाचा हेटाळणीचा सूर आहे, म्हणून विस्डेनने 2018 मध्ये तो शब्द सोडला. 2021 मध्ये एमसीसीने नियमांत 'बॅट्समन'ऐवजी 'बॅटर' केलं, कारण बाईही फलंदाज असते. जे शब्द बदलतात ते पवित्र नसतात. त्यांना घाबरायचं काय?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मैदानावरचे शब्द शिका, ते एका संध्याकाळचं काम आहे. विहारात, वाचनालयात, नाक्यावर, जिथे जमाल तिथे खडूने फरशीवर मैदान काढा आणि धाकट्यांना पॉइंट, कव्हर, बोनस रेषा दाखवा. विचारणाऱ्याला हसू नका. पण तिथेच थांबू नका. निवड समिती, संलग्नता, नोंदणी, अपील, कर्णधार हे बंद खोलीतले शब्द त्याहून महत्त्वाचे. बाळूंना लेंथ कुणी शिकवावी लागली नाही. त्यांना अडवलं ते या दुसऱ्या यादीने.

आमचा तो पोरगा आता रोज सकाळी मैदानावर जातो. परवा आठ वर्षांच्या एका मुलीला तो सांगत होता, "ऑफ म्हणजे छातीकडची बाजू. उभी राहा, दाखवतो." आणि त्याने बॅट आधी तिच्या हातात दिली.

जय भीम!