भाड्याची 5 तारीख

दांडिया बाजारातल्या एका वाड्यात आम्ही भाडेकरू होतो. दोन खोल्या, महिना 14 रुपये. गोष्ट 1962-63 ची. मालकीणबाईंना सगळे माई म्हणायचे. 5 तारीख उलटली की त्या ओट्यावर येऊन बसायच्या, आणि आईची कारणं सुरू व्हायची. पगार झाला नाही, पाहुणे आलेत, नाशिकची मावशी आजारी आहे. एकदा माईंनी विचारलं, "मावशी आता कशा आहेत हो?" आईला ती मावशी आठवेचना!

बाबा मात्र निर्धास्त. बडोदा संस्थान 1 मे 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं, आणि 1960 ला गुजरात वेगळं झालं तरी मुंबईचा 1947 चा भाडेकायदा इथे चालूच राहिला. भाडं गोठलेलं. थकबाकीसाठी खोली खाली करून घ्यायची, तर आधी नोटीस, मग महिनाभर थांबून दावा. बाबा म्हणायचे, "एका महिन्यानं कोण काढतंय?" कायदा भाडेकरूच्या बाजूचा होता, खरंय. पण त्याच 14 रुपयांत वाड्याची कौलं चाळायची कशी, हे आमच्या घरात कुणी बोललं नाही.

एका पावसाळ्यात मी किराणा आणायला गेलो. पुढे माई उभ्या होत्या. दुकानदाराला हळूच म्हणत होत्या, "भाडं आलं नाही रे अजून. या आठवड्यात देते."

घरी येऊन आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. माझ्या फीचे ठेवलेले पैसे डब्यातून काढले आणि पदर खोचून खाली गेली.