रिमोट जरा बाजूला ठेवा

'द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश' हा चित्रपट घरी पाहताना सुरुवात पळवून थेट बॉब डिलनपर्यंत जाता येते. मी म्हणेन, तसे करू नका. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ही मैफल झाली, ती पंडित रविशंकर यांनी जॉर्ज हॅरिसनकडे मदत मागितली म्हणून. पडद्यावर आधी येतात तेही रविशंकरच. सोबत सरोदवर उस्ताद अली अकबर खाँ, तबल्यावर मुंबईचे उस्ताद अल्लारखाँ. वाद्ये जुळवणे संपताच श्रोते टाळ्या वाजवतात. रविशंकर हसून त्यांची फिरकी घेतात. त्यानंतर वाजते ती बंगालची धून.

त्या वेळी पाकिस्तानी लष्कर पूर्व बंगालमध्ये बंगाली हिंदूंना मारत होते, तसेच बंगाली मुसलमानांनाही. धर्माच्या नावावर उभे राहिलेले राष्ट्र भाषेचा अपमान करून टिकले नाही. आपल्या समाजाने हे विसरू नये.

तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला गेले. अल्बम आणि चित्रपटाचा बराच पैसा मात्र अमेरिकी करखात्याच्या चौकशीत कित्येक वर्षे अडकला. निर्वासितांची भूक तेवढी थांबणार नव्हती.